वसंताच्या खुणा शोधत काढलेला हिवाळा

लांबलचक हिवाळ्यात थंडीपेक्षा अंधार जास्त छळतो. थंडीवर लोकर आहे, हीटर आहे, जाड मोजे आहेत. पण दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच दिवस मावळला की त्यावर काय पांघरणार? पन्नास उत्तर अक्षांशाच्या आसपास डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा. घरातून निघताना अंधार, परतताना अंधार. अशा पहिल्याच हिवाळ्यात माझी झोप वाढली, तरी थकवा जाईना. सारखं गोड खावंसं वाटे, आणि कुणाचा फोन वाजला तरी उचलायचं जिवावर येई.

हा नुसता आळस नव्हता. हिवाळ्यागणिक परतणाऱ्या अशा नैराश्याचं पद्धतशीर वर्णन 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि प्रखर प्रकाशाने त्यावर उतार पडतो का हेही तपासलं. डॉक्टरांशी बोलून मी 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा आणला. सकाळी उठल्यावर अर्धा तास तो समोर, जरा बाजूला ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, त्याच्या उजेडात वाचत बसायचं. फरक लगेच पडला नाही, पण पडला. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलरचा (अति उत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या मानसिक आजाराचा) त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नका.

दिव्याने दिवस निभावले. वाट बघणं सुसह्य झालं ते मात्र वसंताच्या खुणा ओळखायला शिकल्यावर. आणि या खुणांमध्ये उबेचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

पहिली खूण उजेडाची. सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा, पण सूर्यास्त त्याच्याही आधीपासून, डिसेंबरच्या मध्यालाच, पुढे सरकू लागतो. सूर्योदय मात्र नवीन वर्ष उजाडेपर्यंत उशिराच होत राहतो. म्हणून मी सकाळकडे बघत नाही, संध्याकाळकडे बघते. सुरुवातीला दिवस काही सेकंदांनीच वाढतो, आणि मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास रोज जवळजवळ चार मिनिटांनी. थंडीचा कडाका याच काळात, जानेवारी-फेब्रुवारीत, वाढतो. जमीन आणि समुद्र यांनी उन्हाळ्यात साठवलेली ऊब अजून निसटत असते, आणि येणारं ऊन ती तूट भरून काढायला पुरत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तीही जानेवारीच्या सुरुवातीलाच. ऋतू अंतरावर नाही, आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यावर ठरतो, हे शाळेत पाठ केलं होतं. अंगाला पटलं ते इथे.

दुसरी खूण कानांनी कळते. जानेवारीच्या अखेरीस, सगळीकडे बर्फ असताना, एखाद्या निरभ्र सकाळी ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी दोन सुरांची धून लावतो, तीच तीच, न थकता. त्याला हवेतली ऊब लागत नाही, वाढता दिवस पुरतो. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि कवटीतून झिरपणाऱ्या उजेडावर त्यांचं काम चालतं. हे वाचल्यापासून ती धून ऐकू आली की मी रस्त्यातच थांबते.

त्यानंतर नजर खाली वळते. झाडांच्या बुंध्याभोवतीचा बर्फ आधी वितळतो, कारण काळपट खोड ऊन शोषून तापतं आणि ती उष्णता आसपास सोडतं. हेझेलच्या झुडपावर पिवळट तुरे लोंबकळू लागतात. ते सगळ्यांना दिसतात. पण त्याच फांदीवर मादीफूलही असतं: हिरवट-तपकिरी कळीच्या टोकाला किरमिजी तंतूंचा इवलासा झुबका, काही मिलिमीटरचा. फांदी डोळ्यांजवळ धरली तरच दिसतो. मला ही सगळ्या हिवाळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या रोपाच्या पानांची टोकं टणक असतात, त्यामुळे ती गोठलेली माती भेदून वर येतात. क्रोकसची फुलं उबेला उघडतात आणि गारठा वाढला की मिटतात.

कळ्यांबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या काटक्यांनी. पानगळ झाल्याझाल्या कापलेली एक काटकी मी घरात पाण्यात ठेवली. खोली उबदार, पाणी ताजं, पण कळ्या ढिम्म. तशीच दुसरी जानेवारीच्या शेवटी आणली. गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी खवल्यांत गच्च मिटलेल्या कळ्या. काही दिवसांनी खवले सरकून मधली फट पिवळी दिसू लागली, मग पाकळ्या बाहेर आल्या. फरक होता तो मधल्या थंडीचा. अशी झाडं शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी जणू तासांच्या हिशेबाने मोजतात. जातीनुसार शेकडो तास, काहींना हजाराच्याही वर. तो हिशेब पुरा झाल्याखेरीज ऊब मिळूनही कळी उघडत नाही, म्हणून शरदातल्या चार उबदार दिवसांनी झाड फसत नाही. मी ज्याला वाया गेलेले महिने म्हणत होते, त्यात झाडाचं काम चाललं होतं.

मी खुणांची वही ठेवते ती रॉबर्ट मार्शम यांच्यामुळे. या इंग्रज जमीनदाराने 1736 मध्ये वसंताच्या खुणांच्या तारखा टिपायला सुरुवात केली. पहिला स्नोड्रॉप, बेडकांचं पहिलं ओरडणं, कोणत्या झाडाला कधी पान आलं, अशा एकूण 27 खुणा. त्यांच्यानंतर घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी 1958 पर्यंत ही नोंद चालू ठेवली. दोन शतकांहून अधिक काळ! हवामान कसं बदलत गेलं हे समजून घ्यायला या तारखा आजही कामी येतात. माझी वही साधी आहे. तारीख, खूण, त्या दिवशीचं आकाश, बस्स.

मार्चमध्ये एखादा उबदार आठवडा हमखास येतो. लोक कोट उतरवतात, आणि पाठोपाठ पुन्हा बर्फ पडतो. पूर्वी या उलट्या फेऱ्याने मी पार खचायचे. आता तितकी नाही, कारण बर्फ परतला तरी संध्याकाळचा उजेड मागे जात नाही. झाडांना मात्र हा काळ घातक. पूर्ण उमललेलं सफरचंदाचं फूल उणे दोन अंशांच्या आसपास करपू लागतं, मिटलेली कळी त्याहून बरीच जास्त थंडी सोसते. म्हणून कुंड्या बाहेर ठेवायची घाई मी करत नाही, आणि रात्री निरभ्र आकाश व वारा पडलेला दिसला की नाजूक रोपांवर कापड टाकते.

यंदा टिटची धून गेल्या वर्षीपेक्षा लवकर ऐकू आली आणि हेझेल मागे राहिलं. त्याचं कारण दोन-चार ओळींवरून सांगता येणार नाही, त्यासाठी वहीत अजून बऱ्याच हिवाळ्यांच्या नोंदी व्हायला हव्यात. त्या मला करायच्या आहेत.