बाबागाडी आणि पाच पायऱ्या

आमच्या मुलीसाठी बाबागाडी घेण्याच्या कामाला साडेचार महिने लागले. त्यातले साडेतीन महिने ती गाडी मी एकटीच घेत होते, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे आहे आणि ते खोडून काढता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, सगळे ठीक असल्याचे कळले आणि त्याच रात्री मी संगणकावर एक तक्ता उघडला. वजन, घडी घातल्यावरची लांबी-रुंदी-उंची, चाकांचा व्यास, टायर हवेचे की भरीव, खालच्या जाळीत किती किलो सामान मावते, दांडा किती वर-खाली होतो, आसन दोन्ही दिशांना तोंड करून बसवता येते का, असे रकाने वाढत वाढत सतरा झाले आणि गाड्या बावीस. नवऱ्याने तो तक्ता वरपासून खालपर्यंत शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "अगं, चार चाके आणि ब्रेक सगळ्यांना आहेत ना? मग कुठलीही घे."

या उत्तराचा मला फार राग आला, कारण इथल्या दुकानात पाऊल टाकले की 'कुठलीही' हा शब्द निरुपयोगी ठरतो. 'ट्रॅव्हल सिस्टीम' नावाचा एक प्रकार मिळतो. त्यात सांगाडा एकच असतो. पहिले सहाएक महिने त्यावर बाळाला सपाट झोपवायची कॅरीकॉट बसते, पुढे तिच्या जागी बसायचे आसन येते, आणि मोटारीतून उतरताना झोपलेले बाळ जागे होऊ नये म्हणून मोटारीतली बाळखुर्चीसुद्धा जोड लावून त्याच सांगाड्यावर चढवता येते. (त्या खुर्चीत बाळाला तासन्‌तास ठेवायचे नसते, हे मात्र आम्हाला दुकानात कुणी आपण होऊन सांगितले नाही.) किमती काही शे पौंडांपासून सुरू होतात आणि हजाराच्या बऱ्याच पुढे जातात. विक्रेतीने आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्या राहणीमानाविषयी. मी दहा मिनिटे उत्तर देत होते. नवरा तेवढ्या वेळात सात गाड्यांचे ब्रेक दाबून पाहून आला आणि सातही लागतात, असे त्याने जाहीर केले.

खरे सांगायचे तर या वेडाला सुरक्षिततेचे कारण मी नंतर चिकटवले. सांगलीत माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एकच बाबागाडी होती, ती डॉक्टरांच्या घरची, आणि तिच्यातून बाळापेक्षा दळणाचा डबाच जास्त वेळा गिरणीपर्यंत जाई. बाकी सगळी मुले कडेवर वाढली. इथे मात्र बागेच्या फाटकापाशी उभे राहिले की आईबापांची ओळख त्यांच्या गाडीवरूनच होते, जशी आपल्याकडे मांडवात बाईची ओळख आधी पाटल्यांवरून होते आणि मग नावावरून. दांड्यावरची पट्टी चामड्याची आहे की रेक्झिनची, हे मला रस्त्याच्या पलीकडून ओळखता येऊ लागले होते. परक्या गावात आपली मुलगी कमी दिसू नये, एवढाच त्या सतरा रकान्यांचा अर्थ होता, आणि तेवढा एक रकाना मी तक्त्यात घातला नव्हता.

प्रसूतिपूर्व वर्गात आमच्यासारखी सहा जोडपी होती आणि सहाही घरांची तऱ्हा वेगळी निघाली. एका नवऱ्याने मागच्या चाकांच्या सस्पेन्शनवर इतके तपशीलवार भाषण केले की त्याची बायको खुर्चीत डुलक्या घेऊ लागली. एका जोडप्याला गाडीच नको होती. बाळाला कापडाच्या झोळीत छातीशी बांधायचे, हा त्यांचा निर्धार होता आणि त्यासाठी लागणारे पाच मीटर कापड त्यांनी मोठ्या कौतुकाने आम्हाला दाखवले. एकीला तिच्या सासूबाईंनी अतिशय महाग गाडी परस्पर घेऊन दिली होती, आणि त्या गाडीवर तिचा जो राग होता तो गाडीवरचा नव्हता हे सगळ्यांना कळत होते. तिसऱ्या खेपेची एक आई मात्र सर्व ऐकून घेऊन म्हणाली की पहिल्या मुलाला तिने नवी गाडी घेतली, दुसऱ्याला बहिणीची आणली आणि या खेपेला बाहेर पडायला वेळ मिळाला तरी खूप झाले.

याच सुमारास सांगलीहून आईचा फोन आला. मी गाडीविषयी सांगू लागताच तिने मला मध्येच थांबवले. "अगं, बाळ हातात येईपर्यंत काही म्हणून आणू नकोस. आणि पहिलं झबलं नवं घालायचं नसतं, कुणाचं तरी वापरलेलं आण." मी हसून सोडून दिले. पण दोनच दिवसांनी शेजारच्या घरातल्या वयस्कर बाईंनी, ज्यांचा सांगलीशी काडीचाही संबंध नाही, मला कुंपणापाशी गाठून अगदी तेच बजावले: बाळ येण्याआधी गाडी उंबरा ओलांडून आत आणायची नसते. हा समज इंग्लंडमध्ये जुना आहे आणि विकलेली गाडी बाळंतपण होईपर्यंत सांभाळून ठेवणारी दुकाने त्यामुळेच इथे आहेत. बाईंच्या आईची गाडी सिल्व्हर क्रॉसची होती. ही कंपनी मूळची लीड्सचीच. १८७७ मध्ये विल्यम विल्सन यांनी ती इथे सुरू केली. मोठ्या चाकांची, बग्गीसारखी कमानदार स्प्रिंगांवर झुलणारी ती गाडी घरात मावत नसे, म्हणून धाकट्या भावाला तिच्यात निजवून गाडी दारासमोर उभी करून ठेवत आणि येणारेजाणारे तिला एक झोका देऊन जात, असे बाई सांगत होत्या.

घरात मावत नसे, हे शब्द नवऱ्याच्या कानावर पडले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने या विषयात लक्ष घातले. आमचे घर लीड्समध्ये पूर्वी गिरणीकामगारांसाठी बांधत तशा, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या विटांच्या घरांपैकी एक आहे. मागचे दार नाही. पुढच्या दाराला दगडाच्या पाच उंच पायऱ्या आहेत आणि दार उघडले की लगेच जिना. नवरा आत गेला आणि चपात्यांच्या पिठाची दहा किलोंची पिशवी घेऊन आला. माझ्या तक्त्यातल्या पहिल्या पसंतीच्या गाडीचे वजन साधारण तेवढेच होते. डाव्या हातात बाळ म्हणून उशी, उजव्या हातात गाडी म्हणून पीठ आणि खिशात किल्ली, अशा थाटात तो पायऱ्या चढू लागला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिसऱ्या पायरीवर त्याने पिशवी टेकवली, पाचवीवर उशी हनुवटीखाली धरून किल्ली शोधली, आणि दार उघडेपर्यंत उशी खाली पडून ओल्या दगडावर गेली होती. आम्ही दोघेही काही वेळ त्या उशीकडे पाहत राहिलो. त्या रात्री मी तक्त्यातले तेरा रकाने पुसले. वजन, घडी एका हाताने होते का, घडी आपल्या पायावर उभी राहते का आणि आसनाचे तोंड, एवढे चार ठेवले.

गाडी शेवटी वापरलेली घेतली. एनसीटी या पालकांच्या संस्थेच्या शाखा ठिकठिकाणी जुन्या वस्तूंचे बाजार भरवतात, तिथे सात किलोंची एक गाडी कॅरीकॉटसह १३० पौंडांना मिळाली. नवऱ्याने ती बाजाराच्या त्या सभागृहातच अकरा वेळा उघडली आणि मिटवली. पट्ट्यांचे पाचही खटके लावून ओढून पाहिले. कॅरीकॉटची गादी आणि मोटारीतली बाळखुर्ची मात्र आम्ही नवीच घेतली, कारण जुनी खुर्ची एखाद्या अपघातातून गेलेली असली तर ते बाहेरून दिसत नाही. गाडी घरी आणली नाही. शेजारच्या बाईंच्या तळघरात ती बाळ येईपर्यंत चादरीखाली उभी होती, आणि आईला हे कळल्यावर तिने त्या बाईंना फोनवरून आशीर्वाद दिले. तिच्या मते वापरलेली गाडी आणली हेही झबल्याच्या नियमाला धरूनच झाले.

मुलगी दोन महिन्यांची असताना एक प्रसंग घडला. मी तिला घेऊन बसमध्ये होते आणि पुढच्या थांब्यावर व्हीलचेअरमधले एक गृहस्थ उभे होते. मी गाडी घेऊन उभी होते ती बसमधली व्हीलचेअरसाठी राखलेली जागा त्यांची असते, आपण बाबागाडीवाले तिथे तात्पुरते असतो. इथे हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे आणि त्याची सुरुवात आमच्याच भागातली: २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सला येऊ पाहणाऱ्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या डग पॉली यांना बसमध्ये चढता आले नाही, कारण त्या जागेवर बाबागाडी घेऊन उभी असलेली आई आपली गाडी मिटत नाही असे सांगून हटायला तयार नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले की चालकाने नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही; कुणी विनाकारण नकार देत असेल तर पुढची पावलेही त्याने विचारात घ्यायला हवीत. त्या आईचा मी पूर्वी मनातून निषेध केला होता. पण झोपलेले बाळ काढायचे, ते खांद्यावर टाकायचे, कॅरीकॉट वेगळी करायची आणि डुलणाऱ्या बसमध्ये सांगाडा मिटायचा, हे करताना माझ्या पाठीला घाम फुटला आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. सांगाडा मिटला, कारण घरी नवऱ्याने मला स्वयंपाकघरात उशी घेऊन त्याची तालीम करायला लावली होती. कॅरीकॉट एका अनोळखी मुलाने मांडीवर धरली.

आसनाच्या तोंडाविषयीचा माझा हट्ट मात्र योग्य ठरला, असे मला अजूनही वाटते. डंडी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये केलेल्या पाहणीत, बाळाचे तोंड आपल्याकडे असले की पालक त्याच्याशी अधिक बोलतात, असे दिसले होते. चढावर गाडी ढकलताना मी मुलीशी बोलत असे ते मुख्यतः चढाविषयी, पण बोलत असे आणि तेही मराठीत. रस्त्यावर माझ्याशी मराठी बोलणारे दुसरे कुणी नव्हते.

मुलगी वर्षाची झाल्यावर छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी घ्यायची ठरली आणि हे काम मी नवऱ्यावर सोपवले. माझी चूक तिथेच झाली. तो यंत्र-अभियंता आहे. अशा गाडीचा आराखडा १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन यांनी केला, हे त्याने कुठेतरी वाचले. या गृहस्थांनी पूर्वी स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केले होते, आणि नातीची बोजड गाडी पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम सहा पौंडांची गाडी बनवली. विमानाची चाके पोटात मिटतात तशी बाबागाडी मिटते, हे कळल्यापासून नवरा ताळ्यावर नव्हता. त्याने तक्ता केला नाही, त्याने रेखाटने केली. रात्री साडेअकरा वाजता तो मला बिजागरीचे चलचित्र दाखवी आणि मी म्हणे, "अरे, चाके आणि ब्रेक आहेत ना? घे कुठलीही."

पहिली गाडी आम्ही गेल्या महिन्यात विकली. घ्यायला आलेल्या बाईंना सातवा महिना होता. त्यांच्या हातात फोनवर लांबलचक यादी होती, आणि त्यांचा नवरा दोन पावले मागे खिशात हात घालून उभा होता. माझ्या नवऱ्याने त्यांना काहीही दाखवण्याआधी विचारले, "तुमच्या दाराला पायऱ्या किती आहेत?" त्या म्हणाल्या, एकही नाही, आम्ही लिफ्टच्या इमारतीत राहतो, आणि चाकांचा व्यास मोजायला त्यांनी पर्समधून टेप बाहेर काढली.