अँटिबॉडीला न धरणारं प्रोटीन ए

स्टॅफिलोकोकस ऑरियस या रोगजंतूच्या अंगावरचं प्रोटीन ए हे प्रथिन आपली अँटिबॉडी उलटी धरतं, म्हणजे शेपटीकडून. पांढऱ्या पेशींना जी शेपटी ओळखायची असते तीच अडकून पडते. त्यावर ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींनाही भरकटवतं. म्हणून लशीत ते जसंच्या तसं घालता येत नाही. शिकागो विद्यापीठात श्नेविंड यांच्या गटाने २०१० साली यावर तोडगा मांडला: प्रोटीन एच्या अँटिबॉडी धरणाऱ्या पाचही भागांत ९ आणि १० क्रमांकाच्या ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या जागी लायसिन, ३६ आणि ३७ वरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी अ‍ॅलानिन. पीएचडीत माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे मूळ आणि बदललेलं, ही दोन्ही रूपं ई. कोलायमध्ये बनवणं.

क्लोनिंगचा, म्हणजे जनुक ई. कोलायमध्ये घालण्याच्या कामाचा, खरा जाच त्या पाच भागांचा. प्रत्येक जेमतेम साठेक अमिनो आम्लांचा आणि एकमेकांशी इतका मिळताजुळता की प्रायमर (नक्कल सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) हवा तिथे न बसता शेजारी जाऊन बसतो. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एका बँडऐवजी (पट्ट्याऐवजी) शिडी उमटते. जनुक बाहेरून बनवून घ्यावं तर कंपन्या पुनरावृत्ती पाहून नाक मुरडतात. उपाय सोपा पण कंटाळवाणा: अमिनो आम्लं तीच ठेवून प्रत्येक भागातले कोडॉन (अमिनो आम्लाची डीएनएमधली तीन अक्षरी खूण) वेगवेगळे निवडायचे. एक्सेलच्या शीटवर मी ते केलं आणि जनुक मिळालं. जनुक जोडणं (लायगेशन), जिवाणूत घालणं (ट्रान्सफॉर्मेशन), दोन्ही टोकांकडून वाचून बघणं (सिक्वेन्सिंग) हे सगळं नेहमीसारखंच झालं.

गंमत पुढे आहे. मूळ प्रोटीन ए वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीत, सशाची कुठलीही अँटिबॉडी घातली तरी बँड दाखवतं. ती अँटिबॉडी कशाविरुद्धची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. असा बँड काहीच सिद्ध करत नाही. शेवटी कोंबडीची अँटिबॉडी मागवली, कारण तिला प्रोटीन ए धरत नाही. शुद्धीकरणातही तसंच: मूळ रूप आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) लावलेल्या कॉलमवर झकास अडकतं, बदललेलं सरळ वाहून जातं. म्हणून दोघांनाही निकेलला चिकटणारं हिस्टिडीनचं शेपूट लावून निकेलच्या कॉलमवर चढवलं.

मग एलायझा, म्हणजे प्लेटच्या खाचांत प्रथिन बसवून त्याला अँटिबॉडी चिकटते का हे रंगावरून पाहणं. मानवी आयजीजी घातल्यावर मूळ प्रथिनाच्या खाचा गडद पिवळ्या, बदललेल्याच्या कोऱ्या. मी खूश. मॅडम म्हणाल्या, ‘‘कोऱ्या आहेत हे दिसतंय. पण खाचेत प्रथिन बसलंय कशावरून?’’ शंका रास्त होती, आणि मला वाटतं या विषयातल्या प्रत्येक आलेखाला ती विचारायला हवी. हिस्टिडीनविरोधी कोंबडीची अँटिबॉडी वापरून दोन्हीकडे सारखंच प्रथिन बसल्याचं दाखवलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

आता ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने ई. कोलायचं एंडोटॉक्सिन (विषारी अंश) काढणं चालू आहे. त्यानंतर उंदरांना डोस. त्यांचा सीरम तपासताना प्लेटवर बदललेलंच प्रथिन लावायचं. मूळ लावलं तर लस न दिलेल्या उंदराचा सीरमही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो.