तुम्ही विचारलंत म्हणून: थरथर हातात, दोष एक्सलमध्ये

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असलं की कुणी ना कुणी मला गाठतंच. "एवढ्या महागड्या गाड्या, मग त्यांची स्टिअरिंगं थरथरायची कशी? विकायच्या आधी कुणी चालवून बघत नव्हतं का?" माझी सगळी नोकरी गाड्यांच्या चाचणी विभागात गेली, त्यामुळे उत्तर द्यायला मला आवडतं.

चालवून बघायचे, भरपूर बघायचे. पॅकार्ड या अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांच्या कंपनीने तर १९२८ साली मिशिगनमध्ये युटिकाजवळ त्यासाठी अडीच मैलांचा स्वतःचा ट्रॅक बांधला. थरथर सापडायची, पण तिचं मूळ सापडायचं नाही.

१९२०च्या दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक आले आणि कमी हवेचे गुबगुबीत बलून टायर आले. चाकं जड झाली, टायर लवचीक झाले. त्यात पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा एक्सल कलतो आणि दोन्ही चाकं कलतात. फिरतं चाक म्हणजे भोवराच. त्याला एका बाजूला कलवलं की ते किंगपिनभोवती, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्याभोवती, वळू पाहतं. वळलं की परत एक्सल हलतो. ठरावीक वेगाला हे एकमेकांना असं खतपाणी घालतात की स्टिअरिंग हातात धरवत नाही. आपल्या गॅरेजमध्ये याला वॉबलिंग म्हणतात.

उमेदवारीत मीही फसलो होतो. अखंड एक्सलची एक गाडी आली होती. मी किंगपिनचे बुश बदलले, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बदलले, स्टिअरिंग बॉक्समधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढला. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या उस्तादांनी गाडी जागेवर उभी केली, स्टिअरिंग मोकळं सोडलं आणि चौघांना पुढून गाडी दाबायला लावली. प्रत्येक दाबासरशी स्टिअरिंग आपोआप फिरत होतं! पाटा, म्हणजे एक्सलवरची पट्ट्यांची स्प्रिंग, पुढच्या टोकाला पक्का, म्हणून एक्सल एका कमानीत हलायचा. बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक; तिचं मूळ मागे बॉक्सपाशी, तिची कमान उलटी. दोघांच्या भांडणात चाक वळायचं. नवे बुश त्याला काय करणार?

या शोधात मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो मॉरिस ऑली. हा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३०मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीत गेला. गाडी वरून टांगून झुलवायची आणि तिचं जडत्व मोजायचं, ही रोल्स-रॉइसची पद्धत त्याला ठाऊक होती. १९३२मध्ये त्याने एका सात आसनी लिमोझिनला पुढे-मागे सरकवता येणारी वजनं लावली आणि ती जागा बदलबदलून गाडी चालवून पाहिली. निष्कर्ष निघाला: प्रवास सुखाचा हवा तर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. पण अखंड एक्सलखाली स्प्रिंग मऊ केली की थरथर उसळून येई, आणि ब्रेक दाबताच एक्सल पिळवटे. म्हणजे स्टिअरिंग दुरुस्त करून भागणार नव्हतं, एक्सलच जायला हवा होता.

तो गेला. १९३४च्या कॅडिलॅकमध्ये पुढची चाकं एकमेकांपासून सुटी झाली, आणि १९३६च्या फँटम थ्रीमध्ये रोल्स-रॉइसनेही तीच वाट धरली.