सव्वा फेऱ्याचं टोपण

"टोपण सव्वा फेऱ्यात सुटतं, मग खिशात आपोआप नाही का सुटणार? आटे जरा घट्ट का पाडत नाही?" तुम्हीच नाही, मी घडवलेलं शाईचं पेन हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी घट्टपणाचं. टोपण आट्यांमुळे जागेवर राहतं असं वाटतं, पण आट्यांचं काम ते ओढून आणण्यापुरतंच. शेवटी टोपणाची आतली पायरी बॉडीच्या खांद्यावर टेकते आणि तिथला दाब त्याला धरून ठेवतो. आटेच घट्ट ठेवले तर एबोनाइट (पेनाचं गंधक घालून कडक केलेलं रबर) दर वेळी घासून झिजणार, आणि वर्षभरात तेच टोपण खुळखुळणार. म्हणून मी मुद्दाम थोडी ढील ठेवतो. अर्धवट लावलेलं टोपण किंचित हलतं, शेवटच्या पाव फेऱ्यात हलायचं थांबतं. हे तसंच असायला हवं.

आता सव्वा फेऱ्याचा हिशेब. आट्यांची पकड सुमारे ३ मिमी लांबीची असते. ०.८ मिमी पिचचा, म्हणजे शेजारच्या दोन वळशांत तेवढं अंतर असलेला, साधा, एकेरी आटा पाडला तर टोपण काढायला पावणेचार फेरे लागतात. दुकानात उभ्या उभ्या सही करायची तर कोण एवढं फिरवत बसेल? मग पिचच २.४ करावा, असं मनात येतं. पण पिच वाढला की आट्याची खोलीही वाढते. मेट्रिक आट्याची खोली पिचच्या साधारण ०.६१ पट, म्हणजे ०.८ ला अर्धा मिमी आणि २.४ ला जवळजवळ दीड. माझ्या पेनाच्या बॉडीचा आट्यांपाशी बाहेरचा व्यास १३ मिमी असतो आणि आत सेक्शनसाठी (बोटांनी धरायच्या पुढच्या भागासाठी) १० मिमीचा आटा असतो. दोन्हींमध्ये भिंत उरते दीड मिमी. एकेरी २.४ चा आटा पाडला की भिंत संपली.

यावरची तोड म्हणजे तीन तोंडांचा आटा. तीन पेडांच्या दोरात पेड शेजारी-शेजारी चालतात तसे तीन आटे एकमेकांना समांतर फिरतात. शेजारच्या दोन आट्यांत अंतर ०.८ चंच, त्यामुळे खोली अर्धाच मिमी. टोपण मात्र एका फेऱ्यात २.४ मिमी पुढे जातं. आट्याचा उतार साडेतीन अंशांच्या आत-बाहेर असतो. एवढ्या सौम्य उतारावर घर्षणच टोपणाला अडवतं, म्हणून खिशात ते सुटत नाही. तुमच्या शंकेचं खरं उत्तर हेच.

तीन तोंडांचे टॅप (आतले आटे पाडायला) आणि डाय (बाहेरचे पाडायला) तयार मिळतात, पण महाग. शिवाय डाय सुरुवातीला उताराचा असतो, त्यामुळे खांद्यालगतचे आटे अर्धवट राहतात. व्यासही तो म्हणेल तोच. मला एखादी सडपातळ बॉडी १२.४ मिमीवर हवी असेल तर डाय काय कामाचा? म्हणून लेथवर सिंगल पॉइंट, म्हणजे एकाच टोकाने कापणाऱ्या, टूलनेच पाडतो.

माझा लेथ जुना, लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा, इंचाला चार आटे. त्यावर २.४ मिमी आणायचे तर स्पिंडलकडे (काम धरून फिरवणाऱ्या दांड्याकडे) ४८ दातांचा गियर आणि लीडस्क्रूवर १२७ दातांचा. १२७ हा आकडा काही हौसेचा नाही: २५.४ ची पाचपट म्हणजे १२७, आणि इंचाचं मिलिमीटरशी जमवणारा हाच गियर. असं काम करताना मध्येच हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, स्पिंडल उलटा फिरवून कॅरेज, म्हणजे टूलचा गाडा, परत आणायचं आणि मग पुढचा कट. मोटरवर हे करायला मला भीती वाटते. एवढ्याशा लांबीसाठी, खांद्यापाशी थांबायचं असताना, मोटर कशाला? स्पिंडलच्या मागच्या टोकाला हँडल बसवून घेतलंय, त्याने हातानेच फिरवतो.

पहिला आटा पूर्ण खोल झाला की कंपाउंड स्लाइड (टूल धरणारा छोटा सरकता भाग), जी लेथच्या लांब बेडला समांतर लावलेली असते, बरोबर ०.८ पुढे सरकवायची आणि दुसरा पाडायचा, मग तसाच तिसरा. स्लाइड नेहमी एकाच बाजूने सरकवत आणायची, नाहीतर स्क्रूमधली ढील मोजमाप खाऊन टाकते आणि एक आटा जाड, एक बारीक येतो. टूल ६० अंशांचं, पण कडेची क्लिअरन्स (धारेखालची मोकळी जागा) एकेरी आट्यापेक्षा जास्त घासावी लागते, कारण उतार जास्त. धार गेली की एबोनाइट लगेच दाखवून देतं: लांब चिकट फितीऐवजी भुगा पडू लागतो आणि आट्याचा माथा चुरतो. गंधकाचा वास मात्र दोन्ही वेळा सारखाच.

शेवटी माथे किंचित सपाट करून पॉलिश पेपर फिरवतो. टोपण काढल्यावर बोटं नेमकी तिथेच टेकतात, टोकदार आटे टोचतात.

दक्षिणेत अजूनही काही कारागीर दाती चेझर (आट्यांच्या मापाचे दाते असलेलं हत्यार) हातात धरून, फिरत्या लेथवर नुसत्या अंदाजाने आटे पाडतात. मला ते जमत नाही आणि आता शिकायचा विचारही नाही.

तीन तोंडांमुळे टोपण तीन ठिकाणी बसू शकतं. रेघांच्या एबोनाइटचं पेन घेतलंत आणि टोपणावरच्या रेघा बॉडीशी जुळल्या नाहीत, तर पेन परत पाठवू नका. टोपण काढा, एक तृतीयांश फेरा फिरवून लावा. तरी नाही जुळल्या तर आणखी एक तृतीयांश.

आणि सेक्शनचे आटे वेगळे. ते मुद्दाम एकेरी, १ मिमी पिचचे ठेवतो, कारण ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई त्यांच्याच मागे अडते. तिथे जास्त फेरे लागलेलेच बरे. शाई भरताना त्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. टोपणाच्या आट्यांना काहीही लावू नका.