अष्टमीचं पाणी

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, बाराला पूर्ण सुकती. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचं पाणी. चढत नाही धड, उतरत नाही धड. मुंबईच्या मानाने आमच्या किनाऱ्यावर पाणी एरवीही निम्मंच चढतं-उतरतं, त्यात भांग आला की दुपारी खाडी तळ्यासारखी पडून राहते. हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. माहीत असून गेलो, म्हणून हे लिहितोय.

कर्ली नदी मालवणजवळ देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये आमचं चिंचोळं गाव. गेली नऊ वर्षं मी या खाडीत गरवणाऱ्यांना फिरवतो. डॉल्फिनवाल्या आणि पॅराशूटवाल्या बोटींच्या गर्दीत हा धंदा बारका आहे: एक फायबरची होडी, दोन गिऱ्हाइकं, पहाटे साडेपाच ते अकरा. मासा कुठे उभा असेल ते मी दाखवायचं, गरी त्यांनी टाकायची. लोक मासा पकडायला पैसे देतात आणि पकडलेला परत सोडतात, हे गावात अजून कोणाच्या पचनी पडलेलं नाही. माझ्या बापाने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, “सोडलेल्या माशाचे पैसे वेगळे घेतंस काय?”

त्या दिवशीचं गिऱ्हाईक ह्यूस्टनहून आलेलं. पंचेचाळिशीचा माणूस, सोबत त्याचे वडील. म्हातारबा मूळचे खाडीपलीकडच्या परुळ्याचे, अठराव्या वर्षी मुंबईला गेलेले, आता शहात्तर. मे संपत आलेला, आभाळ भरून येत होतं, त्यांची सुट्टी संपत होती आणि मोकळा दिवस एकच उरला होता, अष्टमी. मी म्हटलं, या, पण दहाला परत फिरू.

मुलाकडे दोन सुरेख रॉड होते, हलके, बोटांवर तोलावेत असे. टेक्सासच्या खाडीत तो रेडफिश मारतो, त्यासाठी घेतलेले. मी रीळ फिरवून पाहिलं, ड्रॅग, म्हणजे दोरा सुटतानाचा ताण, ओढून पाहिला आणि सांगितलं, यावर तांबोशी निघेल, पण चोणक लागला तर खेळत बसावं लागेल. तो हसला. “लागू दे तर खरा.” तेव्हाच माझा जाडा रॉड त्याच्या हातात द्यायला हवा होता. गिऱ्हाइकाचं मन मोडवत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला दोष.

कोर्जाईच्या बाजूला कांदळवन दाट आहे. पलीकडे चिपीचा विमानतळ. चिपी हे आमच्या खाजणातल्या झाडाचंही नाव, २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष केलं. तांबोशीला मात्र चिपीपेक्षा कांदळ आवडतो. त्याची मुळं छत्रीच्या काड्यांसारखी पाण्यात उतरलेली असतात, त्यांवर कालवं चिकटलेली, सुरीसारखी धारदार. तांबोशी त्या मुळांच्या आत तोंड बाहेर करून उभी राहते. घास घेतला की क्षणात आत पळते, आणि तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, कालवावर घासला की खेळ संपला. म्हणून लूर, म्हणजे नकली आमिष, मुळांपासून हातभर अंतरात पडली पाहिजे आणि मासा लागल्याबरोबर पहिल्या दोन सेकंदांत बाहेर खेचला पाहिजे. मुलगा यात तयार होता. सुकती लागल्यावर तासाभरात त्याने तीन तांबोश्या काढल्या, तिन्ही वीत-दीड वीत, तांब्याच्या भांड्यासारख्या लाल. तिन्ही सोडल्या. तांबोशीची पोरं खाडीत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडपात जातात. खाडीतली काढून खाल्ली तर खडपात जाणार कोण, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.

म्हातारबांनी रॉडला हात लावला नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला माझा तंगूस मागून घेतला, गरीला जिवंत कोळंबी शेपटाकडून ओवली आणि बोटावर दोरा धरून बसले. साठ वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाचं ते बोट काही विसरलं नव्हतं. दोन काळुंदरं काढली, तळहाताएवढी, आणि “माझी सोडायची नाय हां” असं बजावून बादलीत टाकली.

मधल्या वेळात मुलगा रेडफिशचं सांगत होता. आपल्या घोळीच्या कुळातलाच मासा, तांबूस, शेपटाजवळ काळा टिळा, आणि पकडल्यावर पोटातून ढोलासारखा आवाज काढतो. उथळ पाण्यात खेकडे उकरताना डोकं खाली आणि शेपूट वर करतो, ते शेपूट बघून गरी टाकायची. ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफने तो मासा मसाला चोपडून तापल्या बिडाच्या तव्यावर काळा करून वाढायला घेतला, आणि अख्ख्या अमेरिकेला तो हवासा झाला. इतका, की समुद्रातले मोठे मासे संपतील म्हणून सरकारला धंद्याची मासेमारी थांबवावी लागली. टेक्सासने तर त्याच्या विक्रीवर १९८१ मध्येच बंदी घातली होती. आता तिथे वीस ते अठ्ठावीस इंचांतले तीन ठेवता येतात. त्याहून लहान सोडायचा हे ठीक, पण मोठाही सोडायचा. त्यासाठी परवान्यासोबत टॅग मिळतो तेवढाच अपवाद.

“मोठो कित्याक सोडतत?” म्हातारबा.

“मोठे अंडी घालतात, बाबा.”

मग मीही माझं ज्ञान पाजळलं. चोणक, म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा, पहिली काही वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो. सात-आठ किलोच्या वरचा बहुतेक मादीच. पिंजऱ्यात जिताडा वाढवायचं शिकवायला आलेल्या एका माणसाकडून मी हे ऐकलं, तेव्हापासून माझ्या होडीत मोठा चोणक ठेवायचा नाही असा नियम आहे. आपल्याकडे २०२३ पासून माशांची कमीत कमी लांबी कागदावर तरी आली, जास्तीत जास्तचं कोणी विचारत नाही. म्हातारबा ऐकत होते. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

दहा वाजले, मी होडी फिरवली. पण वाटेत एका व्हाळाच्या, म्हणजे ओहोळाच्या, तोंडाशी शेवटे मासे उडाले, दहा-बारा एकदम, आणि मागोमाग तो आवाज आला. पाण्यात कोणी मडकं उपडं दाबावं तसा: भोक्! चोणक तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, त्याचा तो आवाज. एकदा ऐकला की झोपेतही ओळखता येतो. गिऱ्हाईक काही बोललं नव्हतं. इंजिन मीच बंद केलं.

तिसऱ्या फेकीला लागला. पहिली उडी मारली तेव्हा म्हातारबांनी “अगे बाय माझे” म्हणून होडीचा काठ धरला. हलका रॉड पार मुठीपर्यंत वाकला. आत ओढायची ताकद त्या रॉडात नव्हती, मासा न्यायचा तिथे नेत होता आणि मी बांबूने होडी त्याच्या मागे ढकलत होतो. पंचवीस मिनिटं. जाड्या रॉडवर तो आठ-दहा मिनिटांत आला असता. ऊन डोक्यावर आलेलं, व्हाळाच्या तोंडाशी कंबरभर पाणी, हात घातला तर कोमट लागत होतं.

काढला तेव्हा शहाण्णव सेंटीमीटर. जबडा पकडायच्या चिमट्याला वजनकाटा असतो, त्यावर लटकवून वजन घेतलं, दहा किलो चारशे. एवढा जड मासा जबड्याने उभा लटकवायचा नसतो, आतला भार सगळा खाली ओढला जातो. मला हे माहीत होतं. आता मी रबरी जाळं पाण्यात धरून मासा त्यातच ठेवतो, फोटो एक आणि तोही पाण्यावरच, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांचे पैसे परत करतो. त्या दिवशी मुलाचा फोटो झाला, बापलेकाचा झाला, माझ्यासकट तिघांचा झाला. मग व्हिडिओ कॉल. ह्यूस्टनला रात्रीचा एक वाजत आला होता, त्याची मुलगी जागी होती. नेटवर्क येई-जाई. “दिसला का? आता दिसला का?” चोणकाचं कल्ल्यावरचं झाकण उघडत होतं, मिटत होतं, मग नुसतंच उघडं राहायला लागलं.

मी घाईने पाण्यात उतरलो. एका हातात शेपटाचा दांडा, दुसरा हात पोटाखाली. थकलेला मासा सोडताना त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून धरायचं, पाणी कल्ल्यांतून आपोआप खेळतं आणि त्याच्यात जीव येतो. पण पाणी वाहतच नव्हतं. बाराची सुकती, भांग. पाण्यावर पडलेलं तिवराचं एक पिवळं पान माझ्या कोपराजवळ होतं, ते दहा मिनिटांनीही तिथेच होतं. मी मासा धरून चिखलात पुढे चालायला लागलो, पाणी चालत नाही तर आपण चालू. गुडघाभर चिखल, पायाला कालवं कापत होती.

वरून म्हातारबा म्हणाले, “झिला, तो जगाचो नाय. घराक घेवन चल.”

“बाबा, मादी आहे ती.”

“म्हणान काय झाला? मरतली ता मरतलीच.”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अजून थोडं बघू. माझा नियम होता ना.

पंधराएक मिनिटांनी शेपटाने माझ्या मुठीत एक झटका दिला. सोडला. जरा कलला, सावरला, गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. मुलाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. म्हातारबा तंगूस बाटलीला गुंडाळत होते.

आम्ही कोर्जाईला उतरून शहाळी प्यायलो. परत निघालो तेव्हा साडेबारा झाले असतील. व्हाळाच्या तोंडावर दोन घारी फिरत होत्या आणि खाली कांदळाच्या मुळांत पांढरं पोट वर आलेलं. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की होडी पलीकडच्या काठाने घ्यावी. मुलगा मोबाईलमध्ये फोटो बघत होता, त्याला कळलंही नसतं. पण म्हातारबांनी आधीच पाहिलं होतं. “मी सांगितलंय” वगैरे काही बोलले नाहीत. हनुवटीने दाखवलं, बस.

मीच उचलून आत घेतला. म्हातारबांनी बाजारात बघतात तसं कल्ल्याचं झाकण बोटाने वर केलं. आत अजून लाल होतं. “ताजो आसा,” म्हणाले, आणि स्वतःच्या टोपीत पाणी घेऊन त्यावर ओतलं. मुलाने मोबाईल खिशात ठेवला. घाटावर येईपर्यंत कोणी बोललं नाही.

दोघांना मी घरी जेवायला नेलं. आईने मागल्या दारी विळीवर चोणक घेतला, पोट फाडलं आणि हात थांबवला. गाबोळी होती, अंड्यांनी भरलेली. दोन लडी, पिवळसर, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढ्या. चार दिवसांनी १ जून होता. यांत्रिक बोटी दोन महिने बंद राहतात त्या याच दिवसांसाठी, मासे अंडी घालतात म्हणून. पहिल्या पावसाचं पाणी खाडीत उतरलं की चोणक मुखाशी जमतात. ही तिकडेच निघाली असणार. माझा बाप खांबाला टेकून बसला होता, त्याने गाबोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पैशांचा तो जुना विनोद त्या दिवशी त्याने केला नाही.

मुलगा उठून विहिरीपाशी जाऊन उभा राहिला.

जेवायला मात्र बसला. तिरफळ घातलेलं तिखलं खाल्लं, भात दोनदा घेतला. म्हातारबांनी आपली काळुंदरंही तळून मागितली आणि काटे चोखत परुळ्याच्या कुठल्याशा कोंडीची गोष्ट सांगत बसले, साठ वर्षांपूर्वीची. आईने गाबोळी रवा लावून तळली होती, सगळ्यांना वाढली. मुलाने आपल्या पानातली बाजूला सारली, मीही सारली. म्हातारबांनी दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याला हात केला आणि मुलाकडे बघून मागे घेतला.

उरलेली गाबोळी संध्याकाळी बापाने खाल्ली, पेजेबरोबर.