मांडवातलं तेल

अण्णा आचाऱ्यांना मी परत पाठवलं त्याला आता दोन महिने झाले. तीन कॅन तेल होतं, शंभरेक किलो. आमच्याकडं येणाऱ्या मालात ते कुठल्या कुठं बुडून गेलं असतं. तरी तो मंगळवार डोक्यातून जात नाही.

आमचं गोडाऊन कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. हॉटेलं, फरसाणवाले, मेस यांच्याकडचं तळून वापरलेलं तेल इथं येतं. मी ते तपासते. मग गाळून, पाणी काढून ते टँकरनं पुढं जातं, काही बायोडिझेलला आणि आता विमानाच्या इंधनालाही. शेजारीच उजळाईवाडीचा विमानतळ. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात झालेला. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, उतरायला लागलं की आमच्या शेडचा पत्रा वाजतो आणि फोनवर बोलणारा माणूस दोन मिनिटं थांबतो.

घरी कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, विमानं बॅटरीवर का चालवत नाहीत? एक किलो विमान इंधनात साधारण १२ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोला पाव युनिट. छोटं विमान थोडं अंतर जाईल, पण दिल्लीहून लंडनला जाणारं नाही. म्हणून इंजिन तेच, टाकी तीच, फक्त इंधन जमिनीखालून न काढलेलं, असा सध्याचा मार्ग आहे. दुसरा प्रश्न खास आपल्याकडचा: मग उसाचं काय? इथेनॉलपासूनही विमानाचं इंधन करता येतं, त्या पद्धतीलाही मान्यता आहे, आणि आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना त्यात पुढं जागा मिळेल असं मला मनापासून वाटतं. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशात तयार झालेलं शाश्वत इंधन मिसळलेलं होतं. पण आज जगात सगळ्यात रुळलेली वाट तेलाची आहे.

ती वाट मला फार आवडते. डिसेंबरात पहाटे गोडाऊन उघडलं की पामतेलाचे बॅरल वरून थिजलेले असतात, काठी घातली तर उभी राहते. हेच तेल विमानात गेल्यावर उणे ४७ अंशालाही गोठून चालत नाही. रिफायनरीत हायड्रोजन वापरून त्यातला ऑक्सिजन काढतात. मागं उरतात कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. सरळ साखळ्या उसाच्या मोळीसारख्या एकाला एक लागून बसतात आणि लवकर थिजतात. म्हणून त्यांचे तुकडे करायचे आणि त्यांना फांद्या फोडायच्या. बाभळीच्या फांद्यांची जशी घट्ट मोळी बांधता येत नाही, तशा या साखळ्या मग थंडीतही रचून बसत नाहीत, इंधन वाहतं राहतं. असं इंधन साध्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळायला परवानगी आहे. आणि या कामातला जो उत्प्रेरक असतो, म्हणजे ही क्रिया घडवून आणणारा पदार्थ, त्याला मीठ, फॉस्फरस, धातू अजिबात सोसत नाहीत. म्हणून मासे तळलेल्या तेलापेक्षा मला पुरीचं तेल आलं की बरं वाटतं.

पण आम्ही विकतो ती खरी वस्तू म्हणजे तेलाचं टाकाऊपण. ताजं पामतेल वापरून इंधन केलं तर कुठंतरी त्यासाठी पामची झाडं लावावी लागतात, जंगल तुटतं, आणि हवेत जाणारा कार्बन वाचतो म्हणायला जागा राहत नाही. टाकाऊ तेलापासून केलेल्या इंधनानं, तेल गोळा करण्यापासून इंधन जळेपर्यंतच्या सगळ्या प्रवासाचा हिशोब धरून, उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. टँकरमधलं तेल बघून ते टाकाऊ होतं की नाही हे पुढच्या माणसाला कळत नाही. त्याला कागद लागतो. तेल जिथं निघालं तिथल्या मालकाचं घोषणापत्र: नाव, पत्ता, परवाना क्रमांक, महिन्याला किती तेल, सही, शिक्का.

त्या मंगळवारी सकाळी एका पुरवठादाराचा टेम्पो आला. १४ बॅरल. ११ हॉटेलांची घोषणापत्रं, एकही रकाना रिकामा नाही. मी मीटर बुडवला. टीपीसी, म्हणजे तळून तळून तेल मोडतं तेव्हा तयार होणारे घटक. १ जुलै २०१८ पासून नियम असा की ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. ताज्या तेलात ते दहाच्या आत-बाहेर असतात. पहिल्या बॅरलला ९.५ आलं. दुसऱ्याला १०. चौदाही बॅरल ९ ते ११ च्या मध्ये. मग आम्ल बघायला नमुना अल्कोहोलमध्ये विरघळवून कॉस्टिकचे थेंब सोडले, तर दोन थेंबांतच गुलाबी रंग आला आणि टिकला, म्हणजे आम्ल फारच कमी, ताज्या तेलाइतकं. रंगाला तेल काळपट होतं, पण तळाला बेसनाचा कण नाही, वासाला काही नाही. खऱ्या तेलाचे दोन बॅरल कधी सारखे येत नाहीत. एक भजीवाला आठवड्यानं तेल बदलतो, एक दोन दिवसांनी. अकरा हॉटेलं एकसारखं तळत नाहीत.

मी कागदावरच्या एका खानावळीत गेले, शाहूपुरीत. कागदावर महिन्याला १८० किलो. मालक म्हणाले, “ताई, तेल उरतंय कुठं? फोडणीला संपतंय सगळं.” शिक्का त्यांचाच होता. सहीही त्यांचीच. कोऱ्या फॉर्मवर घेतली होती. त्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, कारण फॉर्म कशाचा आहे हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि तेल नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, हा नियम मार्च २०१९ पासून आहे. त्याच्या खालचे सगळे, म्हणजे आपल्या शहरातल्या बहुतेक कढया, नियमाच्या बाहेर. नियम करणाऱ्यांनी गल्लीतून एक चक्कर मारली असती तर हा आकडा धरला नसता.

परत आले तर अण्णा बसले होते. साठीचे, धोतर, खांद्यावर टॉवेल. हातकणंगल्याच्या बाजूला लग्नाचा स्वयंपाक करतात. कुणीतरी सांगितलं म्हणून पुतण्याच्या छोटा हत्तीतून तीन कॅन घेऊन आलेले. “बाई, हे तेल विमानाला जातंय म्हनं?” मी म्हटलं, हो, जाऊ शकतं. त्यांनी स्वतःच झाकण काढलं. मार्गशीर्षातल्या पाच लग्नांचं तेल, पुरीचं आणि भज्यांचं, फडक्यातून गाळून आणलेलं. टीपीसी ३१, ३४, २८. वास बघूनच मला खात्री होती. सकाळपासून हातात आलेलं पहिलं खरं तेल.

मी फॉर्म काढला. आस्थापनेचं नाव? नाही. परवाना? नाही. तेल कुणाचं?

“लगीनघरच्यांचं. मी यादी देतोय, सामान त्येच आणत्यात. उरलेलं तेल त्यांना नको असतंय. आधी वडेवाला घेऊन जायचा. औंदा म्हटलं नको, लोकांच्या पोटात जातंय.”

आमच्या पुण्याच्या ऑफिसला फोन केला. दोन्ही मालांचं सांगितलं. उत्तर पाच मिनिटांत आलं. १४ बॅरलचे कागद पूर्ण आहेत, घ्या. तीन कॅनना उगम नाही, घेऊ नका. मी टीपीसीचं सांगितलं तर समजलं की आमच्या करारात आम्ल जास्त असेल तर पैसे कापण्याचं कलम आहे, फार कमी असेल तर काय करायचं याचं कलमच नाही. उलट कमी आम्लाला भाव चढा. म्हणजे तेल जितकं ताजं, तितके पैसे जास्त. सहा वर्षं मी हे काम करते आणि ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आली, याचा मला अजून त्रास होतो.

१४ बॅरलवर मी सही केली नाही. खानावळीचं लेखी घेतलं, आकडे लिहिले, मेल केला. टेम्पो दोन दिवस फाटकात उभा राहिला आणि मग गेला. कुठं गेला माहीत नाही. दुसऱ्या कुणाकडं तरी तो माल खपला असणार, आणि कुठल्यातरी विमानाच्या हिशोबात तो टाकाऊ म्हणून मोजला जाईल. देशानं आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात शाश्वत इंधन मिसळण्यासाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं लक्ष्य ठेवलंय. पानिपतच्या रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून असं इंधन करण्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. मागणी वाढत जाणार. खरं तेल कढईतून निघतं तेवढंच निघणार. मधली जागा कशानं भरेल याची मला काळजी वाटते.

आणि अण्णांना मी नाही म्हटलं. त्या वेळी टेम्पोवाला डोक्यावर उभा होता, फोन वाजत होता. “मग काय करू ह्याचं?” असं त्यांनी विचारलं आणि मी “बघते, कळवते” म्हणाले. झाकणं त्यांनी घट्ट लावली, टॉवेलनं कॅनच्या कडा पुसल्या. ते तेल परत वडेवाल्याकडं गेलं. नंतर मी फोन केला तेव्हा त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही.

मग मी एक केलं. अण्णांची अन्नपदार्थ व्यावसायिक म्हणून नोंदणी करून दिली, वर्षाला १०० रुपये फी आहे, पुतण्याच्या मोबाईलवरून झाली. आणि लग्नासाठी वेगळा फॉर्म तयार केला. लग्नाची तारीख, गाव, किराणा दुकानाचं बिल, तेलाचे किती डबे आणले, किती उरलं, आचाऱ्याचा नोंदणी क्रमांक. गेल्या आठवड्यात अण्णा पहिलं बिल घेऊन आले. त्यावर नवरीच्या वडलांचं नाव, १५ किलोचे चार डबे, दुकानाचा शिक्का. घडी चारदा घातलेली, एका कोपऱ्यावर हळद.

तो फॉर्म मी आमच्या तेलाचा उगम तपासणाऱ्या ऑडिटरला पाठवला. त्यांनी नाही म्हटलं नाही. एकच विचारलं: तपासणीला यायचं तर कुठं यायचं? हॉटेल जागेवर असतं, मांडव तर त्याच रात्री सुटतो.

मी अण्णांना फोन करून विचारलं. मांडव ज्या रानात पडला होता त्याचा गट नंबर त्यांनी शेतमालकाकडून आणून दिला. तो लिहून पाठवलाय.