एका पाकिटातले दोन टिक्के

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, नोंदी संगणकावर चढवणं म्हणजे कारकुनी, असं कुणी म्हटलं की मला भुईमुगाचं ते पाकीट आठवतं.

घडीचा जुना कागद, आत वाळलेली पानं, वर फिकट शाईतली चिठ्ठी. यजमान, म्हणजे बुरशी जिच्यावर वाढली ती वनस्पती, ॲराकिस हायपोजिया (भुईमूग), बुरशी सर्कोस्पोरा पर्सोनाटा, गाव खानदेशातलं, साल 1917च्या आधीचं. एवढं टाइप केलं की माझं काम संपणार होतं. पण पान न बघता नोंद करणं मला जमत नाही.

एका पर्णिकेवरचे ठिपके काळेभोर, गोल. उलटून भिंगाखाली धरली तर खालच्या बाजूला बुरशीचे बारीक पुंजके कड्याकड्यांनी मांडलेले. शेजारच्या पर्णिकेवरचे ठिपके तांबूस, कडा वेड्यावाकड्या, आणि बुरशी वरच्या बाजूला. आमच्या शेतावर पानांवरच्या या ठिपक्यांच्या रोगाला, दोन्ही प्रकारांना, टिक्काच म्हणतात. माझा हात मात्र थांबला.

हर्बेरियमच्या मॅडमना विचारून सुईच्या टोकावर मावेल एवढंच खरवडलं. शंभर वर्षांपूर्वीचं पान, गेलेला कण परत मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या काचेवर आखूड, जाडसर, हिरवट-तपकिरी बीजाणू, आत तीन-चार आडवे पडदे. दुसऱ्या काचेवर लांब, सुईसारखे, जवळजवळ रंगहीन. एकात नऊ पडदे मोजले. पुन्हा मोजले, नऊच.

दुसरी बुरशी सर्कोस्पोरा ॲराकिडिकोला होती, पिकावर लवकर येणारा टिक्का. तिला हे नाव होरी यांनी 1917 साली दिलं. चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे तेव्हा लिहायला नावच नव्हतं! त्याला दोष कसा देणार? उलट त्यानं दोन्ही प्रकारची पानं जपून ठेवली म्हणून हे कळलं. नुसती चिठ्ठी उरली असती, तर ही बुरशी त्या वर्षी खानदेशात होती हे कुणाला कधी कळलंच नसतं.

जुनी चिठ्ठी आम्ही काढत नाही, खोडतही नाही. तिच्याशेजारी नवी लावली, खाली नाव आणि तारीख. संगणकात एका पाकिटाला बुरशीच्या नावाचा एकच रकाना. मॅडम म्हणाल्या, "एकाच क्रमांकाला अ आणि ब कर. आणि हे बघ, पर्सोनाटा लिहिलेली बाकीची पाकिटंही आता तपासायला हवीत."

कपाटाचा तो खण मी तसाच उचलून टेबलावर आणला.